चिंचोक्याचे दान

आजोळच्या ओटीवर, येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली, धाकट्या मामाचा फोटो टांगलेला असे. पांढरेशुभ्र कपडे, हातात मेणबत्ती, केस तेल लावून चापून बसवलेले. पहिल्या कम्युनियनच्या दिवशी काढलेला तो फोटो. त्यानंतर वर्षभरातच, १९५७ च्या पावसाळ्यात, मामा गेला. त्याचे वय नऊ वर्षांचे होते आणि मी दोन वर्षांचा होतो. त्यामुळे माझ्यासाठी मामा म्हणजे तो फोटोच.

तो कशाने गेला, हे आजीला विचारले की ती काहीतरी निमित्त काढून आत जाई. पुढे थोरल्या मावशीने एकदा सांगितले. मामाचा दुधाचा एक दात हलत होता. आजीने त्याला दोरा बांधला आणि ओढला. असे दात तिने सगळ्याच मुलांचे काढले होते. पण या वेळी रक्त थांबेना. हळद भरली, तुरटी लावली, फडक्याच्या घड्या बदलून बदलून हात थकले. पावसाने रस्ता बंद होता. चौथ्या दिवशी पहाटे मुलगा गेला. वाडीत कुणी म्हणाले नजर लागली, कुणी म्हणाले घराण्याला शाप आहे. आजीने त्यानंतर कोणत्याही नातवंडाच्या दाताला कधी हात लावला नाही.

मी मोठा होऊन शाळेत विज्ञानाचा शिक्षक झालो. १९७८ पासून २०१३ पर्यंत, पस्तीस वर्षे, आनुवंशिकतेचा पाठ शिकवला. ऑगस्टिनियन मठवासी ग्रेगॉर मेंडेल यांचे वाटाणे शिकवले, आणि लिंगसंलग्न आनुवंशिकतेकडे आलो की फळ्यावर इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीची वंशावळ काढू लागलो. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ. राणीचा मुलगा लिओपोल्ड, ज्याचे रक्त गोठत नसे. १८८४ मध्ये फ्रान्समधील कान येथे पडल्याचे निमित्त होऊन तो वयाच्या तिसाव्या वर्षी गेला. तिच्या अ‍ॅलिस आणि बिअ‍ॅट्रिस या दोन मुली, ज्या स्वतः धडधाकट होत्या, पण ज्यांच्यामार्फत हा हिमोफिलिया युरोपच्या राजघराण्यांत पोहोचला. अ‍ॅलिसची मुलगी रशियाची सम्राज्ञी झाली आणि तिच्या पोटी १९०४ मध्ये अलेक्सी जन्मला. हे सगळे मी रंगीत खडूने रंगवून सांगत असे. परंतु त्या चौकोनांपैकी एखादा माझ्या मामाचा असू शकेल, हे पहिली आठ-नऊ वर्षे माझ्या मनाला शिवलेही नाही. फळ्यावरचे ज्ञान आणि ओटीवरचा फोटो यांची गाठ मी घालून दिली नव्हती. ती एका तान्ह्या मुलाने घातली.

माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न १९८४ मध्ये झाले आणि १९८६ मध्ये तिला मुलगा झाला. त्रिगुणी लस टोचून आणली, त्या रात्री बाळाची मांडी फुगून दगडासारखी झाली. गाठ उतरायला तीन आठवडे लागले. पुढे तो रांगू लागला तेव्हा गुडघ्यांवर आणि कोपरांवर निळे-काळे डाग उमटू लागले. शेजारणी कुजबुजू लागल्या की आई मुलाला मारते. शेवटी मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात नेले. तेथील वयस्कर डॉक्टरांनी मांडी पाहिली, डाग पाहिले आणि बहिणीकडे वळून एकच प्रश्न केला, “बाई, तुमच्या माहेरी, आईकडच्या कुणा मुलाचं रक्त थांबत नव्हतं का?”

मी शेजारी उभा होतो. माझ्या डोळ्यांसमोर एकदम तो पांढऱ्या कपड्यांतला मुलगा आला.

डॉक्टरांनी बापाच्या घराण्याबद्दल का विचारले नाही, हे समजून घेतले की सगळा विषयच उलगडतो. माणसाच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. त्यांतली शेवटची जोडी मूल मुलगा होणार की मुलगी हे ठरवते. स्त्रीच्या या जोडीत दोन एक्स असतात, पुरुषाच्या जोडीत एक एक्स आणि एक वाय. नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन संशोधिकेने १९०५ मध्ये एका किड्याच्या पेशी तपासताना हे दाखवून दिले. आई प्रत्येक अपत्याला आपल्या दोनांपैकी एक एक्स देते. बाप मुलीला आपला एक्स देतो आणि मुलाला वाय देतो. म्हणजे मुलाच्या वाट्याला येणारा एक्स नेहमी आईचाच.

आता हा एक्स आकाराने मोठा. त्यावर आठशेहून अधिक जनुके आहेत. वाय त्यामानाने अगदीच लहान. रक्ताची गुठळी होण्यासाठी जे घटक लागतात, त्यांपैकी आठव्या आणि नवव्या घटकाचे जनुक एक्सवर आहे, वायवर नाही. एखाद्या स्त्रीच्या एका एक्सवर हे जनुक बिघडलेले असले, तरी दुसरा एक्स बहुधा वेळ निभावून नेतो. तिला आपण वाहक म्हणतो. मुलाकडे मात्र दुसरा एक्स नाही. त्याच्या वाट्याला बिघडलेला एक्स आला, तर त्याची बाजू सावरणारे कुणी नसते. रंगांधत्वही याच वाटेने येते. मी एकदा एका विद्यार्थ्याला झाडाची पाने तपकिरी रंगवल्याबद्दल वर्गात उभे केले होते. ज्या जॉन डाल्टनचा अणुसिद्धांत मी त्याच वर्गाला शिकवत होतो, त्याने १७९४ मध्ये स्वतःच्याच रंगांधत्वावर निबंध वाचला होता, हे मला नंतर कळले. तो विद्यार्थी पुन्हा भेटला तर त्याची क्षमा मागायची आहे.

नाझरेथपासून थोड्याच अंतरावर सेफोरिस नावाचे गाव होते. तेथील चार बहिणींची कथा यहुद्यांच्या तालमूदमध्ये आहे. पहिलीचा मुलगा सुंतेनंतर दगावला, दुसरीचा दगावला, तिसरीचाही दगावला. चौथी आपले बाळ घेऊन गुरूंकडे गेली, तेव्हा त्यांनी तिला सुंता करू नकोस असे सांगितले. गुणसूत्रे दिसण्याच्या शेकडो वर्षे आधी, बहिणी-बहिणींच्या मुलांत काहीतरी समान वाहत आहे हे त्या माणसांनी ओळखले होते. आमच्या आजोळी मात्र आम्ही नजर काढत बसलो.

निदान झाल्यावर बहिणीच्या सासरी मोठी बैठक झाली. मी मास्तर, म्हणून समजावून सांगायला मला बोलावले. मी कागद घेतला, चौकोन-वर्तुळे काढली, एक्स आणि वाय लिहिले. बहिणीच्या सासूबाई शांतपणे ऐकत होत्या. सांगून झाल्यावर त्यांनी विचारले, “म्हणजे मास्तर, माझ्या मुलाकडून यात काहीच आलेलं नाही ना?”

मी म्हणालो, “नाही.”

“तर झालं. आमच्या घरात नव्हतं ते तुमच्या घरातून आलं.” असे म्हणून त्या उठल्या.

बहीण खाली मान घालून बसली होती. मी सांगितलेले शब्दन् शब्द खरे होते, आणि त्याच शब्दांचा तिच्यावर निकाल झाला होता. गंमत अशी की याच बाईंनी आपल्या थोरल्या सुनेला तीन मुली झाल्या म्हणून वर्षानुवर्षे बोल लावला होता. मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या एक्स किंवा वायवर ठरते, हे कागदावर त्याच ओळीत लिहिलेले होते. पण ती ओळ कुणी वाचली नाही. दोष सुनेकडे जाणार असेल तेवढेच विज्ञान त्या दिवशी त्या घराला हवे होते.

मी घरी आलो तर आई स्वयंपाकघरात पाटावर बसून होती. तिला सगळे कळले होते. ती म्हणाली, “बाबा, खरं सांग. मी दिलं का माझ्या नातवाला हे?”

तिला कागदावरची अक्षरे दाखवून उपयोग नव्हता. फळीवरच्या डब्यात पोरांच्या खेळासाठी फोडून ठेवलेले चिंचोके होते. मी एक फाक घेतली; एक अंग पांढरे, दुसरे तपकिरी. म्हणालो, “आई, तुझ्याकडे दोन एक्स. एक चांगला, एक बिघडलेला. मूल पोटात राहतं तेव्हा असा एक चिंचोका पडतो. पांढरं पडलं तर चांगला जातो, तपकिरी पडलं तर बिघडलेला. मी जन्मलो तेव्हा पांढरं पडलं, म्हणून माझं रक्त गोठतं. माझ्या पोरांना माझ्याकडून हे कधीच जाणार नाही. ताईच्या वेळी तपकिरी पडलं. ती मुलगी, म्हणून निभावली. तिच्या मुलाच्या वेळी पुन्हा तपकिरी पडलं. आजीच्या हातूनही असंच पडलं होतं. मामाला तपकिरी गेलं आणि तुलाही.”

आईने चिंचोका हातात घेतला. दोन-तीनदा जमिनीवर टाकून पाहिला. “दर वेळी नवा डाव?”

“दर वेळी नवा. एक मुलगा आजारी निघाला म्हणून पुढचा चांगला निघेल असं नाही, आणि आजारीच निघेल असंही नाही.”

“आणि पहिला डाव कुणी बिघडवला?”

हा प्रश्न मोठमोठ्यांना पडलेला आहे. व्हिक्टोरिया राणीच्या आधी तिच्या घराण्यात कुणालाच हा रोग झाल्याची नोंद नाही. ती जन्मली तेव्हा तिचे वडील एक्कावन्न वर्षांचे होते, आणि बहुधा त्यांच्याच बीजात हा बदल प्रथम झाला असावा, असा तज्ज्ञांचा तर्क आहे. हिमोफिलियाच्या सुमारे एक तृतीयांश कुटुंबांत आधीचा रुग्ण सापडतच नाही. जनुकांची नक्कल होताना एखादे अक्षर चुकते, जसे जुनी पोथी उतरवून घेताना एखाद्याच्या हातून चुकावे. त्याला उत्परिवर्तन म्हणतात. त्यात कुणाचे पाप नसते. शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी दोष कुणाचा म्हणून विचारले होते. आपण अजून तोच प्रश्न विचारत असतो, आणि प्रभूने दिलेले उत्तर विसरत असतो.

आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “दान वाईट पडलं म्हणून खेळणाऱ्याला कुणी चोर म्हणत नाही.” थोड्या वेळाने खालच्या आवाजात तिने पुढचे सांगितले. बहिणीच्या लग्नाआधी तिच्या मनात आले होते की मामाचे कसे झाले ते व्याह्यांना सांगावे. पण स्थळ मोडेल, वाडीत बोभाटा होईल, म्हणून ती गप्प बसली. बाळाची मांडी सुजली त्या रात्रीच तिला मामा आठवला होता. तरीही ती बोलली नव्हती.

यानंतर मी चर्चमधील बाप्तिस्म्याच्या आणि मृत्यूच्या जुन्या नोंदवह्या पाहण्याची परवानगी घेतली. बापाची परंपरा शोधणे सोपे. आडनाव धरून मागे मागे जाता येते. आईची परंपरा मात्र प्रत्येक पिढीत आडनाव बदलते. आजीच्या माहेरचे एक आडनाव, तिच्या आईच्या माहेरचे दुसरे, गाव तिसराच. ज्या वाटेने हा रोग येतो, नेमकी तीच वाट आपल्या वंशावळींत पुसलेली असते. मला आजीचे दोन मामा सापडले, दोघेही दहा वर्षांच्या आत गेलेले. कारण लिहिलेले नव्हते. त्यांच्या चौकोनांत मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवले.

भाच्याचे बालपण कष्टाचे गेले. रक्तातील आठवा घटक कमी, म्हणजे हिमोफिलिया ए. सुमारे पाच हजार मुलग्यांमागे एकाला होणारा. नवव्या घटकाच्या अभावाला १९५२ मध्ये ‘ख्रिसमस रोग’ असे नाव मिळाले, कारण ज्या मुलात तो ओळखला गेला त्याचे आडनावच ख्रिसमस होते. रशियाच्या अलेक्सीलाही तोच होता, हे त्याच्या अस्थींवरून २००९ मध्ये सिद्ध झाले. हे भाच्याला सांगितले की तो म्हणे, “मामा, मला राजाचा रोग पण नाही झाला!” त्याचे खरे दुखणे बाहेर वाहणारे रक्त नव्हते, आत सांध्यांत साचणारे रक्त होते. एकच गुडघा पुन्हा पुन्हा सुजत असे. त्या काळी रक्तद्रव किंवा त्यापासून काढलेला गोठा चढवण्यासाठी रात्री-बेरात्री मुंबई गाठावी लागे. आणि येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. अशा रात्री त्या मुलाच्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून जागणाऱ्या होत्या त्या बहिणीच्या सासूबाईच. त्यांनी आपले शब्द कधी मागे घेतले नाहीत. पण म्हातारपणी त्या लोकलने रुग्णालयात डबा घेऊन जात, आणि नर्सने सुई मांसात टोचायला घेतली की ओरडत, “शिरेत द्या, शिरेत! याला मांडीत चालत नाही.” अ‍ॅस्पिरिनची गोळी तर त्यांनी घरात येऊ दिली नाही.

आई २००३ मध्ये गेली. मला वाटले, तो विषय तिच्याबरोबर संपला. पण १९९० मध्ये जन्मलेली माझी भाची लग्नाची झाली होती. तिच्या वेळी चिंचोका कसा पडला होता, हे कुणालाच ठाऊक नव्हते. तिचे रक्त गोठत असे, पण त्यावरून वाहक नाही असे म्हणता येत नाही. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनांपैकी एक एक्स झोपी जातो, हे मेरी लायन या संशोधिकेने १९६१ मध्ये मांडले. चांगला एक्स पुरेशा पेशींत जागा राहिला तर ती स्त्री निरोगी दिसते. जास्त पेशींत झोपला तर तिलाही रक्तस्राव होतो. माझ्या आईची दोन्ही बाळंतपणे तिच्या जिवावर बेतली होती, त्याचा अर्थ मला तेव्हा लागला. आम्ही तिला अशक्त म्हणत आलो होतो.

२०१५ मध्ये भाचीला चांगले स्थळ आले. मुलगा सालस, घर ओळखीचे. घरात विचारविनिमय झाला, आणि पस्तीस वर्षे हा पाठ शिकवलेला मी, मीच म्हणालो, “आधी लग्न होऊ दे. मग हळूहळू सांगता येईल.” हे लिहिताना मला लाज वाटते, पण लिहिणे भाग आहे.

भाचीने माझ्याकडे पाहिले. म्हणाली, “मामा, आजीनं वेळेवर सांगितलं असतं तर दादाच्या मांडीत ती सुई गेली नसती. आईला मुलाला मारते म्हणून बोल बसला नसता. मी सांगणार. माझं मीच सांगणार.”

विवाहपूर्व तयारीच्या वर्गाला जाण्याच्याही आधी, चर्चच्या आवारातल्या बाकावर बसून तिने त्या मुलाला सगळे सांगितले. मामाच्या फोटोपासून भावाच्या गुडघ्यापर्यंत. नंतर दोन आठवडे त्या घरून काही निरोप आला नाही. ते दोन आठवडे बहीण जेवली नाही आणि मी तिच्या नजरेला नजर देऊ शकलो नाही. मग एका रविवारी मिस्सानंतर मुलाची आई स्वतः चालत घरी आली. म्हणाली, “आम्ही डॉक्टरांना विचारून आलो. काय काळजी घ्यायची ते आता आम्हालाही कळलंय.” लग्न झाले. जनुकाची तपासणीही झाली. भाची वाहक होती.

गर्भातच तपासणी होऊ शकते, असे तिला डॉक्टरांनी सांगितले होते. दोघांनी नको म्हटले; जे मूल येईल ते आपलेच, असे त्यांचे ठरले होते. मात्र बाळंतपण त्यांनी जाणत्या डॉक्टरांकडे, सगळी माहिती आधी देऊन केले. २०१८ मध्ये मुलगा झाला. नाळेतील रक्त लगेच तपासले. चिंचोका पुन्हा तपकिरी पडला होता.

पण या वेळी घरात कुणी रडले नाही, की कुणी कुणाकडे बोट दाखवले नाही. लस कशी टोचायची हे ठरलेले होते. आठवा घटक आता रक्तस्राव होण्याची वाट न पाहता आधीच ठरावीक दिवशी दिला जातो, त्यामुळे त्याचे गुडघे सरळ आहेत. त्वचेखाली टोचण्याचे नवे औषध २०१७ मध्ये अमेरिकेत मान्य झाले आणि नंतर भारतातही आले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये पाच रुग्णांना जनुकच पुरवण्याचा प्रयोग यशस्वी झाल्याचे २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. हे उपचार महाग आहेत आणि सर्वांच्या हाती अजून पोहोचलेले नाहीत. तरी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश झाला आहे, आणि थोरल्या भाच्याला, ज्याचा एक गुडघा कायमचा आखडला, त्याचा आधार मिळाला. त्यालाही आता एक मुलगी आहे. तिच्यासाठी चिंचोका टाकावा लागत नाही. बापाचा एकुलता एक्स तिला मिळालेला आहे, म्हणून ती वाहक असणारच. ती शाळेत जाऊ लागली तेव्हाच बापाने तिच्या वहीत चौकोन आणि वर्तुळे काढायला सुरुवात केली.

गेल्या वर्षी भाचीच्या मुलाचा दुधाचा पहिला दात हलू लागला. सगळे घर त्या दाताभोवती फिरत होते. त्याला ठरलेली मात्रा दिली, डॉक्टरांना फोन करून ठेवला, बर्फ आणला. दोरा कुणीच बांधला नाही. संध्याकाळी पाव खाता खाता दात आपोआप पडला. थोडे रक्त आले. बहिणीने कापसाची घडी दातांखाली धरायला दिली आणि आम्ही सारे घड्याळाकडे बघत बसलो. रक्त थांबले. मुलगा कंटाळून उठला आणि दात आगपेटीत ठेवून सगळ्यांना दाखवत फिरू लागला. बहीण उठली, आजोळहून आणलेल्या मामाच्या फोटोसमोर तिने मेणबत्ती लावली आणि बराच वेळ तेथेच उभी राहिली.

दिवेलागणीनंतर तो पोरगा माझ्यापाशी आला. त्याच्या मुठीत चार चिंचोके होते. “आजोबा, अष्टाचम्मा?” मी खडूने जमिनीवर घरे आखली. त्याने चिंचोके हातात खुळखुळवले आणि म्हणाला, “पहिलं दान माझं.”